मामाची मांडी

माझ्या नवऱ्यानं माझ्यावर एक प्रश्न काढलाय. फळ्यावर काढतात तसा, चार पर्यायांचा. विरूपाक्ष लातुरात फिजिक्सचे क्लास घेतो, त्यामुळे त्याला सगळं चार पर्यायांतच सुचतं. पाहुणे आले, चहा झाला, की तो विचारतो, "शिवलीला वासणीकर हिचं गाव कोणतं? अ, गोदावरीतलं बेट. ब, भूकंपात गेलेलं गाव. क, बीदरकडचा बाजार. ड, वरीलपैकी कोणतंही नाही." मग जरा थांबतो. "विचार करून सांगा हं, निगेटिव्ह मार्किंग आहे." आणि स्वतःच म्हणतो, "ड."

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी ट्यूशनची पोरं जिन्यातून ऐकतात आणि हसतात. त्यांना हसावं लागतं, सर आहेत त्यांचे.

वासण्या खरंच तीन आहेत. एक विष्णुपुरीच्या वर गोदावरीतलं बेट. धरण झालं तेव्हा त्यातलं निम्मं फुगवट्याखाली गेलं. उन्हाळ्यात ते परत वर येतं आणि लोक त्या गाळात टरबुजं लावतात. दुसरी किल्लारीच्या पलीकडची, ती एका पहाटे जमिनीला मिळाली. तिसरी कर्नाटकातली, गुळाच्या बाजाराची, ती मी पाहिलेली नाही. आणि या तिन्हींतून बाहेर पडलेले वासणीकर नांदेडात, लातुरात, पार हैदराबादपर्यंत. आम्हा वासणीकरांत एक समजूत आहे, की सगळे मुळात एकाच वासणीचे, पोट भरायला पांगले आणि जिथं गेले तिथं गावाचं नाव ठेवत गेले. खरं-खोटं कुणी तपासलेलं नाही. पण या समजुतीवर मी वाढले.

भूकंप झाला तेव्हा रेडिओवर गेलेल्या गावांत वासणीचं नाव आलं. नांदेडला सिद्रामप्पा वासणीकरांनी ते ऐकलं. बेटावरचे ते. किल्लारीकडं त्यांचं जन्मात कुणी नव्हतं. तरी "आपली माणसं गेली" म्हणून त्यांनी गल्लीतून भाकरी गोळा केल्या आणि मिळेल त्या ट्रकनं निघाले. तिथं पोत्यावर बसलेल्या एका पोरीला त्यांनी नाव विचारलं. मी म्हटलं, शिवा. गाव? वासणी. आईबाप एकाच सरणावर गेले होते. आमच्यात पुरतात, पण तेव्हा कुणाला पुरायला माणूस उरला नव्हता. सिद्रामप्पांनी दोन दिवस मला कडेवर घेऊन सगळ्या तंबूंतून फिरवलं, की कुणाची आहे ते बघा. एक बाई मला अजून आठवते. हिरवं लुगडं. तिनं माझी हनुवटी वर केली, नीट बघितलं आणि म्हणाली, "आमची न्हाई."

मग मी सिद्रामप्पांची झाले. त्यांना मी बाबा म्हणू लागले आणि त्यांच्या भागवतला अण्णा. बी.एस्सी. मी त्यांच्याच घरातून केलं. बाबा वारले त्यानंतर माझं माहेर म्हणजे अण्णा आणि आरतीवहिनी.

माहेर कशाला लागतं हे मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. पोरांच्या मेसचं वरण करपलं म्हणून विरूपाक्षानं मला मारलं. पहिल्यांदाच. पण पहिल्यांदा वाटावं असं नव्हतं, सफाईनं मारलं. मी अण्णाला फोन लावला आणि नुसती रडले. दुसऱ्या दिवशी दुपारी भागवतअण्णा टेम्पोतून उतरला, दोन टरबुजं खांद्यावर. अंगानं आडवा, उन्हानं काळा झालेला, बोलणं कमी. ओसरीवर बसला. चहा घेतला, परत घेतला. सासूबाईंची विचारपूस केली. मग विरूपाक्षाचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "दाजी, हात लई दुखला असंल तुमचा. तेल लावून देऊ का?"

"नाही, नाही, ठीक आहे," विरूपाक्ष म्हणाला.

"मग बरं," अण्णा म्हणाला. हात मात्र चहा संपेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर विरूपाक्षाचा हात जागेवर राहिला. तो प्रश्न तेवढा चालू राहिला. प्रश्नाला मी भीत नव्हते.

हे सगळं सासूबाई बघत होत्या. महानंदाबाई माझ्या सासूबाईंचं नाव. दिवसभर सुपात तूर घेऊन खडे निवडत बसायच्या, आणि त्यांच्या नजरेतून खडा सुटत नसे. मुलाला सोयऱ्यानं हाताला धरून बसवलं, हे त्यांच्या मनात राहिलं असणार.  तेव्हा म्हणाल्या एवढंच, "टरबूज गोड निगालं बग."

मग चन्नू झाला. आणि चन्नूला ताप यायला लागले.

दर पंधरवड्याला ताप. डॉक्टर म्हणायचे, मुलांना येतो, वाढतं वय आहे. मी रात्रंदिवस त्याच्या कपाळाला हात लावून बघायची, झोपला तर श्वास मोजायची. दोनदा त्याचे डोळे वर गेले. दोन्ही वेळा मी त्याला उचलून अनवाणी पळाले, पोरांच्या सायकली पाडत. जावळ अजून काढलं नव्हतं. केस मानेवर आले होते, घामानं चिकटायचे.

"जावळ काढून टाकू," मी म्हटलं. "अण्णाला बोलावते."

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मूल मामाच्या मांडीवर, न्हावी समोर, पहिली बट मामानं धरायची, मग नवे कपडे मामानंच घालायचे. जावळाच्या दिवशी मामा कुठं बसला, त्यानं काय आणलं, यावरून बाईच्या पाठीशी कोण आहे ते सगळ्या सोयऱ्यांना दिसतं.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "भागवत पोरगा चांगलाच हाय, यव्वा. मी कशाला न्हाई म्हणू? पर मांडी रक्ताची लागतीया. ते बेटावरले, तू भूकंपातली. आडनाव सारखं म्हणून मामा होत न्हाई. लेकराचे केस परक्याच्या मांडीवर पडले तर मग मला म्हणू नको."

"मला रक्ताचं कुणी नाही," मी म्हटलं.

"हाय की," त्या म्हणाल्या. "भाऊ हाय तुझा. गुंडप्पा. किल्लारीच्या रोडला जीप चालवतंय. वरच्या त्या निलंग्याच्या पोराचा बाप सांगत व्हता. मी इचारूनच राहिले व्हते."

मी बी.एस्सी. आहे. केसांचा आणि तापाचा संबंध नाही हे मला कळतं. पण त्या वेळी मला केस आठवलेच नाहीत. मला गुंडू आठवला. एका गोधडीत आम्ही झोपायचो आणि माझ्याहून थोरला असून तो झोपेत माझा अंगठा धरायचा. तो गेला असं मी धरून चालले होते. वीस वर्षं. आणि तो लातूरपासून तासाभराच्या वाटेवर जीप चालवत होता.

मी चन्नूला घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी निघाले.

नवी वासणी जुनीच्या अलीकडं आहे. सरळ रांगांत सारखी घरं, कोण कुणाच्या शेजारी ते चिठ्ठीवर ठरलेलं, त्यामुळं वीस वर्षं झाली तरी शेजाऱ्याला शेजारी नवाच. घरं पक्की आहेत आणि माणसं अंगणात पत्र्याखाली झोपतात. प्रत्येक दारापुढं बाज.

गुंडप्पाचं घर विचारत गेले तर अंगणात एक म्हातारी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली आणि मी जागेवर थांबले. लुगडं या वेळी हिरवं नव्हतं. पण हनुवटी वर करून बघायची रीत तीच.

"आली का?" ती म्हणाली. "निरोप आल्ता तुझ्या सासूचा. बस."

ती साखराबाई, माझ्या बापाची सख्खी बहीण. गुंडप्पा आत होता, लंगडत बाहेर आला. भूकंपात त्याचा पाय गेला होता, म्हणजे होता पण आखडलेला. तो माझ्याकडं न बघता चन्नूकडं बघून हसला.

मला पाणी दिलं. मी प्यायले. मग विचारलं, "आत्या, तंबूत तुम्ही मला बघितलं होतं."

"हाव."

"ओळखलं नव्हतं का?"

तिनं भाकरी उलटली. "न वळखायला काय झालं? भावाची पोरगी तू. तो नांदेडवाला भला माणूस दिसला. पोटाशी धरून फिरत व्हता. हे पोरगं दवाखान्यात, पाय कापायचा का ठेवायचा ते कळंना. मी एकली. पोरगं घ्यावं का पोरगी? म्हटलं आमची न्हाई." तव्यावरून भाकरी काढून तिनं निखाऱ्याला लावली. "फुगली बग चांगली. खातीस?"

मी गुंडप्पाकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"मागनं कळलं," तो म्हणाला. "दोन साल नांदेडला स्टँडवर जीप लावत व्हतो. तुमच्या गल्लीतनंच जायचं. सायकलवर दिसायचीस."

"मग हाक का नाही मारलीस?"

"काय म्हणून मारू? बरी दिसलीस."

चन्नू त्याच्या जीपच्या किल्लीला ओढत होता. गुंडप्पानं ती त्याच्या हातात दिली. मग पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. "दाजी लई मोठे सर हायेत म्हणं. आमच्या रूटवर बी पोस्टर हाय त्यांचं, फोटूवालं. माझं थोरलं तिसरीला हाय. पुढं दहावी झाली की लातूरला टाकावं म्हणतोय. घरचंच माणूस हाय म्हटल्यावर..."

"जावळाला येशील?" मी विचारलं.

"येतो की. मामा न्हाई का मी?"

परत येताना चन्नू मांडीवर झोपला होता आणि अंग गार होतं. मी तेवढंच धरून बसले. बाकी सगळं कडू झालं होतं, पण ते मी गिळलं. लेकराचा ताप जाईल, घरात बोलणी बंद होतील, रक्ताचं माणूस बसेल. अण्णा तर अण्णाच आहे, तो कुठं जातोय, असं वाटलं.

अण्णाला फोन केला.  "अण्णा, गुंडू सापडलाय. माझा... म्हणजे सख्खा. सासूबाई म्हणतात मांडीला त्यालाच बसवू. तू पाहुणा म्हणून ये. वहिनीला घेऊन ये."

 मागून पंपाचा आवाज येत होता.

"बरं," तो म्हणाला. "टरबुजं आणू का? यंदा चांगली हायेत."

जावळाच्या दिवशी ओसरीवर सतरंज्या घातल्या. सोयरे आले, क्लासमधले सर आले, वरची पोरं शर्ट खोचून वाढायला उभी राहिली. सासूबाईंनी साखराबाईला दारापर्यंत जाऊन आणलं, आपल्या शेजारी बसवलं, पानाचा डबा पुढं केला. विहिणीसारखा मान. गुंडप्पा इस्त्रीच्या कपड्यांत आला, हात मोकळे. विरूपाक्षाला बघितल्याबरोबर वाकला आणि त्याच्या पायाला हात लावला.

"अरे, अरे, मेहुणे तुम्ही," विरूपाक्ष हसत म्हणाला.

"न्हाई, सर. शिकविणारा माणूस म्हटल्यावर."

सर. दाजी नाही म्हणाला. मी परात घेऊन तिथंच उभी होते.

भागवतअण्णा आणि आरतीवहिनी जरा उशिरा आले. अण्णाच्या खांद्यावर टरबुजाचं पोतं, वहिनीच्या हातात पिशवी. मी पुढं झाले, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "या, या. तिकडं बसा, पोरांच्या बाजूला. सावली हाय तिकडं." तिथं सावली नव्हती. दोघं जाऊन बसले.

न्हाव्यानं वस्तरा काढला. गुंडप्पानं चन्नूला मांडीवर घेतलं, चन्नू रडायला लागला आणि पोरांच्या रांगेत बसलेल्या अण्णाकडं हात पसरून राहिला. "मा... मा..." त्याला तेवढंच येत होतं, अण्णालाच तो मामा म्हणायचा. कुणीतरी हसलं. गुंडप्पानं त्याचे हात दाबून धरले आणि पहिली बट पडली.

तेव्हा सासूबाईंनी साखराबाईला पान देत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात विचारलं, "मग विहिणबाई, एवढी साल लेकीची आठवण कशी काय झाली न्हाई वो तुम्हाला?"

साखराबाईनं पान तोंडात घातलं. लपवायचं असतं हे तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. "आठवण कशाला? आम्हीच न्हाई म्हटलं व्हतं. तंबूत दाखविली व्हती तिला. म्हटलं, आमची न्हाई, घेऊन जा. त्यांनी नेली."

 आमच्या सगळ्या सोयऱ्यांनी ते ऐकलं. क्लासच्या सरांनी ऐकलं. मी बघत होते, अण्णाही ऐकत होता. ज्यांनी मला टाकलं त्यांच्या मांडीवर मी लेकरू दिलं होतं, आणि ज्यांनी उचललं त्यांना उन्हात बसवलं होतं. आणि टाकलं हे मला आधीपासून माहीत होतं, तेही त्याला माझ्या तोंडावरून कळलं. अण्णाला माझं तोंड लहानपणापासून वाचता येतं.

"म्हणजे ड-च की," विरूपाक्ष म्हणाला. पोरं हसली.

डोकं तुळतुळीत झालं. हळद लावली. "मामा, कपडे," न्हावी म्हणाला. गुंडप्पानं इकडं तिकडं बघितलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि त्यानं आणलं नसेल. तेव्हा अण्णा उठला. वहिनीच्या हातातली पिशवी घेतली, ओसरीवर चढला. त्यात झबलं-टोपडं होतं, चांदीचे वाळे होते. पाहुणा म्हणून बोलावलं तरी त्यानं मामाचा सगळा आहेर आणला होता. ती पिशवी त्यानं गुंडप्पाच्या हातात दिली.

"हे मामानं घालायचं असतंय," तो म्हणाला. "घाला."

"अण्णा, जेवून जा," मी म्हटलं.

"जेवलो, शिवे." तो जेवला नव्हता, पंगत अजून बसायची होती. वहिनी माझ्यासमोर थांबली. कॉलेजात असताना माझी वेणी तीच घालायची. माझ्या डोक्यावरचा पदर तिनं सरळ केला, परक्या बाईचा करतात तसा, आणि त्याच्या मागं निघून गेली. टरबुजाचं पोतं तिथंच उन्हात राहिलं.

पाहुणे गेले तेव्हा चार वाजले असतील. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. गुंडप्पा आणि साखराबाई ओसरीवर जीपला सवारी भरायची वाट बघत बसले होते. विरूपाक्ष आत आला.

"सरांच्या पंगतीला भात कमी पडला," तो म्हणाला.

"एवढे लोक येतील असं..."

त्यानं मारलं. हाताची सफाई गेली नव्हती. मी फळीवर आपटले, दोन पातेली खाली आली. ओसरीवर तो आवाज गेला. दारातून मला गुंडप्पा दिसत होता आणि त्याला मी. तो उठून उभा राहिला. मी बघत राहिले. एक क्षणभर माझा भाऊ उभा राहिला आहे असंच मला वाटलं.

"शिवे," तो दारातून म्हणाला, "सरांना पाणी दी. दमले असतील सकाळपून."

आणि चपला घालून जीपकडं गेला. सासूबाईंनी सुपातला एक खडा उचलला, बघितला आणि अंगणात टाकला.

मी चन्नूला उचललं, न्हाणीत जाऊन कडी लावली. बोडक्या डोक्यावर हात ठेवला तर चटका बसला. ताप होता. मी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग वहिनीनं उचलला. मागं टेम्पोचा आवाज, अजून वाटेतच होते ते, अहमदपूरच्या आसपास असतील. परत फिरले असते तर अंधाराआधी पोचले असते.

"वहिनी, अण्णाला द्या जरा."

"कोण बोलतंय?"

माझा आवाज तिला झोपेतही ओळखू येतो.

"मी. शिवलीला. वासणीची."

मागून अण्णानं काहीतरी विचारलेलं ऐकू आलं, मला शब्द कळले नाहीत. मग वहिनीनं विचारलं, आवाज न चढवता, दारात आलेल्या अनोळखी बाईला विचारतात तसं.

"कोणच्या वासणीची?"

मी तोंड उघडलं. बाहेरून विरूपाक्षानं न्हाणीच्या दारावर टिचकी मारली, वर्गात फळ्यावर मारतो तशी.

"सांग की," तो म्हणाला. "वेळ संपत आलाय."